नव्वदीतल्या रेसलिंग शोचं परीक्षण कसं लिहावं : ‘रेसलमेनिया १०’ हाताशी घेऊन

नव्वदच्या दशकातल्या रेसलिंगवर मराठीत लिहिणारे आणि हौसेनं वाचणारे बरेच आहेत. पण त्या लिखाणातलं बहुतेक आठवणींभोवती फिरतं. केबलवर रात्री लागणारं डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजचं डब्ल्यूडब्ल्यूई), ट्रम्प कार्डांवरची वजनं आणि रँक, शाळेच्या मैदानात मारून बघितलेले डाव. आठवणी छानच आहेत, फक्त त्यांत सामना कुठेच दिसत नाही. कुणी काय केलं, कधी केलं, त्यानं गर्दी का उसळली, यावर ओळभरही नसते. आख्खा एक शो समोर ठेवून त्यातल्या प्रत्येक सामन्यावर नेटकं लिहायचं असेल तर काय करावं, ते इथे सांगतो. उदाहरण एकच धरलं आहे : २० मार्च १९९४ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेला डब्ल्यूडब्ल्यूएफचा वर्षातला मोठा शो, ‘रेसलमेनिया १०’.

पहिली शंका नेहमी तीच येते. निकाल आधीच ठरलेला असतो, मग परीक्षण कशाचं करायचं? कुस्तीच्या फडात नुरा कुस्ती लागली की आपल्याकडचा प्रेक्षक चिडतो, कारण तिथे निकाली कुस्तीचं वचन दिलेलं असतं. इथे तसं वचनच नाही. निकाल ठरवणारे पडद्यामागे असतात. तो निकाल प्रेक्षकाला पटवण्याची जबाबदारी रिंगमधल्या दोघांची, आणि परीक्षण होतं ते या पटवण्याचं. शोमधल्या प्रत्येक सामन्याला एक काम नेमून दिलेलं असतं. ते काम कोणतं होतं आणि ते झालं का, एवढं नीट सांगता आलं तरी परीक्षणाचा पाया घातला गेला.

आवृत्ती कोणती बघायची

शो पूर्ण आणि न कापलेला मिळवा. नव्वदीतल्या शोच्या बऱ्याच आवृत्त्या फिरत असतात. कुठे प्रवेशाचं संगीत बदललेलं असतं, कुठे सामने छाटलेले असतात, कुठे मधल्या मुलाखती गाळलेल्या असतात. मधल्या मुलाखती नसल्या तर शोची लय कळत नाही. दोन मोठ्या सामन्यांमध्ये प्रेक्षकाला श्वास घ्यायला किती वेळ दिला, हाही परीक्षणाचाच भाग आहे. ‘रेसलमेनिया १०’मध्ये दहा जणांचा एक सामना ठरलेला होता आणि तो वेळेअभावी गळला. पडद्यावर मात्र खलनायकांच्या संघात कप्तान कोण यावरून भांडण जुंपल्याचं दाखवलं गेलं. कापलेली आवृत्ती बघणाऱ्याला हे कळणारच नाही. त्या रात्री कुठला सामना लांबला आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा धागा त्याच्या हातून निसटतो.

सामन्याआधीची गोष्ट गोळा करा

शो बघण्याआधी मागच्या चार-सहा महिन्यांत काय घडलं ते माहीत असायला हवं. नव्वदीत साप्ताहिक कार्यक्रमांतून गोष्ट हळूहळू रचली जायची आणि मोठ्या शोमध्ये ती फुटायची. आमच्या उदाहरणात मुख्य धागा हार्ट भावांचा आहे.

नोव्हेंबर १९९३च्या ‘सर्व्हायव्हर सिरीज’मध्ये हार्ट भावांचा संघ जिंकला, पण त्यातून बाद झालेला एकटा धाकटा ओवेन. तिथे ठिणगी पडली. जानेवारी १९९४च्या ‘रॉयल रंबल’मध्ये ब्रेट आणि ओवेन टॅग टीम, म्हणजे जोडीच्या, पट्ट्यासाठी एकत्र लढले. ब्रेटचा गुडघा दुखावल्यामुळे पंचांनी सामना थांबवला, आणि चिडलेल्या ओवेननं भावाच्या त्याच गुडघ्यावर लाथ मारली. त्याच रात्री रंबलमध्ये, म्हणजे शेवटी रिंगमध्ये उरेल तो जिंकतो अशा गर्दीच्या सामन्यात, ब्रेट आणि लेक्स लुगर एकाच वेळी बाहेर पडले, दोघांनाही विजेते ठरवलं गेलं. मग नाणेफेक झाली. विजेतेपदासाठी तेव्हाचा विजेता योकोझुना याच्याशी पहिली लढत लुगरला मिळाली. ब्रेटची पाळी शोच्या शेवटी, त्या लढतीतल्या विजेत्याशी. पण त्याआधी त्याला एक सामना खेळावा लागणार होता, आणि समोर होता सख्खा भाऊ.

हे ठाऊक असलं की पहिल्याच सामन्यात ओवेन गुडघ्याकडे का वळतो ते आपोआप उमगतं. ठाऊक नसेल तर तो नुसता पायावरचा डाव वाटतो.

त्या वर्षाचं वारंही थोडं समजून घ्या. हल्क होगन १९९३मध्ये कंपनी सोडून गेला होता. स्टेरॉइडच्या खटल्याचं सावट मालक विन्स मॅकमहनवर होतं, खटला १९९४च्या जुलैत चालला. अवाढव्य शरीरांचा जमाना ओसरत होता आणि ब्रेट हार्ट, शॉन मायकल्स यांच्यासारखे अंगानं लहान पण रिंगमध्ये सरस लोक वर येत होते. हा सगळा इतिहास परीक्षणात ओतायचा नाही. दोन-तीन वाक्यं पुरतात, तीही जिथे गरज पडेल तिथे.

पहिल्यांदा नुसतं बघा

पहिल्या खेपेला पेन खाली ठेवा. थांबवू नका, मागेपुढे करू नका. शक्य तर एकाच बैठकीत बघा, कारण थकवा हा मोठ्या शोचा खरा अनुभव आहे आणि प्रेक्षक कुठे थकला हे तुमच्या शरीराला आधी कळतं. शो संपल्यावर काहीही न पडताळता दहा-बारा ओळी लिहून काढा : काय आठवतंय, कुठे कंटाळा आला, कुठे पुढे सरकून बसलो. या ओळी जपून ठेवा. दुसऱ्यांदा बघताना तुम्ही चिकित्सक होणार आहात, आणि चिकित्सेच्या भरात पहिला आनंद पुसला जातो.

वही घेऊन दुसरी फेरी

आता एकेक सामना घ्या. प्रत्येकाला वहीचं एक पान द्या आणि वर चार गोष्टी लिहा : सामन्याचं काम, नियम, वेळ, निकाल कसा लागला. नियम लिहायला विसरू नका. मेन ऑन अ मिशन ही जोडी या शोमध्ये टॅग टीम विजेत्या क्वेबेकर्सवर जिंकली, पण काउंटआउटनं, म्हणजे विजेते दहा मोजेपर्यंत रिंगमध्ये परतले नाहीत म्हणून. अशा विजयात पट्टा हातचा जात नाही. वाचकाला हे सांगितलं नाही तर तो विचारणार, जिंकले तर पट्टा का नाही मिळाला?

रँडी सॅवेज आणि क्रश यांचा सामना तर नियमाशिवाय समजतच नाही. पिन (खांदे टेकवून तीन मोजेपर्यंत दाबून धरणं) रिंगच्या बाहेर करायचा, आणि पिन झालेल्यानं साठ सेकंदांत रिंगमध्ये परतायचं. नाही परतला तर हरला. सॅवेजनं शेवटी क्रशला पडद्यामागे उलटा टांगून बांधलं आणि स्वतः रिंगकडे धावत सुटला. कल्पना चांगली आहे, पण हा नियम सामन्याचा दम तोडतो असं माझं मत आहे. प्रत्येक पिननंतर सगळे साठ सेकंद थांबतात आणि तापलेली गर्दी गार होते. असं मत मांडायचं तर असंच, कारणासकट.

पानाच्या खालच्या भागाचे तीन तुकडे करा : सुरुवात, मध्य, शेवट. सुरुवातीला कोण वरचढ दिसतो, मधे पारडं कुठल्या क्षणी फिरलं, शेवट कशातून उगवला. जवळजवळ प्रत्येक चांगल्या सामन्यात पारडं फिरण्याचा एक नेमका क्षण असतो. तो सापडला की निम्मं परीक्षण लिहून झालं.

ब्रेट-ओवेनच्या पानावरच्या माझ्या नोंदी जशाच्या तशा देतो. (फिगर फोर आणि शार्पशूटर या पाय पिळणाऱ्या पकडी, व्हिक्टरी रोल म्हणजे खांद्यावरून गुंडाळून केलेला पिन.)

सुरुवात : ओवेन साध्या पकडीतून सुटला तरी हात वर करून जल्लोष करतो. ब्रेट बघत राहतो. ब्रेट त्याच डावात त्याला मागे टाकतो. ओवेन थोबाडीत मारतो. ब्रेट लगेच उलट मारत नाही, आधी चेहरा बदलतो.

मध्य : ब्रेट दोरांवरून बाहेर ओवेनवर झेपावतो आणि गुडघा धरून उठतो. इथे फिरलं. ओवेन तोच पाय धरतो, लाथा, फिगर फोर. गर्दीचा आवाज वाढतो, पण रागाचा.

शेवट : शार्पशूटर ओवेन लावतो, ब्रेट उलटवतो. ब्रेट खांद्यावर चढून व्हिक्टरी रोल घ्यायला जातो, ओवेन मधेच बसतो. तीन. कसलीही फसवणूक नाही.

या नोंदींतून परिच्छेद असा होतो : “ओवेन पहिल्या किरकोळ सुटकेचाही सण करतो, आणि त्यातूनच तो माणूस कळतो. वर्षानुवर्षं भावाच्या सावलीत राहिलेल्याला एवढंसं यशही डोक्यावर घ्यावंसं वाटतं. ब्रेटला त्याला इजा करायची नाही, म्हणून तो थोबाडीत खाऊनही क्षणभर थांबतो. मग एका झेपेत ब्रेटचा गुडघा जातो, जानेवारीत ओवेननं लाथाडलेला तोच गुडघा, आणि ओवेनच्या चेहऱ्यावर एक क्षणही संकोच दिसत नाही. शेवटी तो जिंकतो तेही निव्वळ कौशल्यानं. भावाचा डाव ओळखून, त्याच्याच वजनाखाली त्याला चितपट करून. खलनायकानं फसवून जिंकावं हा रिवाज मोडला, आणि म्हणूनच हा पराभव ब्रेटला जास्त लागतो.”

यात डावांची यादी नाही. वीस मिनिटांच्या सामन्यात शेकडो हालचाली होतात. ‘मग त्यानं क्लोथ्सलाइन मारली, मग सुप्लेक्स, मग लेगड्रॉप’ असं लिहीत गेलं की वाचक तिसऱ्या ओळीला सोडून जातो. डाव तेव्हाच लिहावा जेव्हा त्यानं गोष्ट पुढे सरकते. ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडे फडावर बसून कुस्त्या बघितल्या आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही. तिथला जाणकार प्रेक्षक कुस्ती सांगताना पकड कुठे सुटली आणि डाव कुठे बसला एवढंच सांगतो.

सेलिंग बघायला शिका

परीक्षण करणाऱ्यांचं सर्वात जास्त दुर्लक्ष इथे होतं. सेलिंग म्हणजे मार लागल्याचं पटवून देणं. लाथ बसल्यावर ओरडणं हे त्यातलं सोपं काम. अवघड आहे ते लाथ बसून दहा मिनिटं झाल्यावरही तो पाय दुखतो आहे हे लक्षात ठेवणं. ब्रेट हार्ट यात अव्वल होता. शोच्या शेवटी तो योकोझुनासमोर येतो तेव्हाही लंगडतोच. मधे सात सामने होऊन गेले, तरी गुडघा विसरलेला नाही. त्यामुळे साडेदहा मिनिटांच्या त्या साध्याशा सामन्याला वजन येतं. योकोझुना, ज्याचं जाहीर वजन अडीचशे किलोच्या वर होतं, कोपऱ्यातल्या दोरांवरून बन्झाय ड्रॉप (पडलेल्याच्या अंगावर बसकण मारायचा त्याचा डाव) मारायला जातो, तोल जाऊन मागे पडतो आणि ब्रेट त्याला पिन करतो. हा शेवट सुटा बघितला तर अपघाती वाटतो. पण ज्या माणसाकडे दुसरा सामना जिंकण्याची ताकदच उरलेली नाही, तो असाच जिंकू शकतो. म्हणून मला हा शेवट योग्य वाटतो. ज्यांना तो पुचाट वाटतो त्यांनीही गुडघ्याचा हिशोब एकदा जरूर मांडून बघावा.

आवाजाची दोन प्रकारे परीक्षा

दुसऱ्या फेरीत प्रत्येक मोठ्या सामन्यातली पाच मिनिटं आवाज बंद करून बघा. समालोचनाशिवाय गोष्ट कळते का? ब्रेट-ओवेनची पूर्ण कळते. मग तोच तुकडा पुन्हा लावा आणि या वेळी फक्त गर्दीकडे कान द्या. गर्दी नावाला ओरडते की घडणाऱ्या गोष्टीला? प्रवेशाला उसळून नंतर गप्प झाली, तर पैलवान लाडका आहे पण सामना फसला आहे.

समालोचन वेगळं तपासा. या शोला विन्स मॅकमहन आणि जेरी लॉलर होते. लॉलर खलनायकांची बाजू घेतो, शिवाय १९९३मध्ये त्याचं आणि ब्रेटचं मोठं वैर झालेलं. त्यामुळे तो ओवेनचं कौतुक करतो त्यालाही मागचा संदर्भ आहे. ‘लॉलर पक्षपाती आहे’ अशी तक्रार करण्यात अर्थ नाही, पक्षपात हीच त्याची नेमणूक आहे. विचारायचं ते एवढंच, की त्याच्या बोलण्यानं गोष्ट तापली का.

शिडीचा सामना : प्रसिद्ध सामन्याशी कसं भिडायचं

रेझर रॅमन आणि शॉन मायकल्सचा इंटरकॉन्टिनेंटल, म्हणजे मुख्य पट्ट्याच्या खालोखालच्या, पट्ट्यासाठीचा शिडीचा सामना या शोमधला सर्वात गाजलेला. रेसलिंग पत्रकार डेव्ह मेल्ट्झरनं त्याला पाच तारे दिले, ‘प्रो रेसलिंग इलस्ट्रेटेड’ या मासिकानं तो १९९४चा सर्वोत्तम सामना ठरवला. अशा सामन्यावर लिहिताना दोन मोह होतात. एक, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळणं. दोन, वेगळं दिसावं म्हणून मुद्दाम पाडून बोलणं. दोन्ही टाळायचे असतील तर पुन्हा कामाकडेच या.

काम असं होतं : १९९३मध्ये शॉनचा पट्टा काढून घेतला गेला, रिकाम्या जागेवर रेझर विजेता झाला. शॉन परतला तो स्वतःचा पट्टा घेऊन, ‘मी हरलोच नाही’ म्हणत. एका किताबाचे दोन पट्टे आणि दोन दावेदार. दोन्ही पट्टे रिंगवर टांगले, शिडी चढून जो काढेल तो खरा. वाद आणि शिडी यांचा असा सांधा जुळलेला फार क्वचित बघायला मिळतो. नंतरच्या काळात शिडीचे सामने अगणित झाले, पण शिडी का आहे याचं उत्तर बहुतेकांकडे नसतं.

शॉनचा अंगरक्षक डीझल सुरुवातीलाच बाहेर घालवला जातो, म्हणजे पुढे जे होईल ते दोघांतच. शिडी लगेच येत नाही, आल्यावर आधी ती हत्यार होते, चढायची वस्तू नंतर. शॉन शिडीवरून रेझरच्या अंगावर उडी घेतो, ते दृश्य सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून शेवट जास्त आवडतो. शॉनचा पाय दोरांत अडकतो, तो धडपडतो, आणि वर रेझर सावकाश चढत जाऊन दोन्ही पट्टे काढतो. हरणाऱ्याची किंमत अजिबात कमी होत नाही.

तुम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफचा हा पहिला शिडी सामना असं लिहिणार असाल तर थांबा. जुलै १९९२मध्ये मेन राज्यातल्या पोर्टलंडला ब्रेट आणि शॉन यांच्यात एक झाला होता, तो व्हिडिओ कॅसेटवर आला. कॅनडातल्या कॅल्गरीच्या स्टॅम्पीड रेसलिंग या कंपनीत तर सत्तरच्या दशकापासून शिडी होती. ‘पहिला’, ‘सर्वात’, ‘एकमेव’ हे शब्द लिहिण्याआधी दोनदा तपासा.

दोन्हींत मी ब्रेट-ओवेनला वर ठेवतो. शिडीच्या सामन्यातली दृश्यं पुढच्या पिढ्यांनी आणखी उंचावर नेली, त्यामुळे आज त्यांचा धक्का थोडा ओसरलेला आहे. भावांच्या सामन्यातलं काहीच जुनं झालेलं नाही.

लहान आणि फसलेले सामने

अर्थक्वेकनं अॅडम बॉम्बला ३५ सेकंदांत आडवं केलं. यावर परिच्छेद लिहू नका. लांबलेल्या विजेतेपदाच्या सामन्यानंतर गर्दीला हसवून पुन्हा जागं करणं हे त्याचं काम, ते झालं, पुढे चला. डोइंक विदूषकाचा मिश्र सामनाही तसाच दोन ओळींत आटपतो.

महिलांच्या सामन्यावर मात्र थोडं थांबा. अलुंड्रा ब्लेझ आणि लेलानी काय यांना साडेतीन मिनिटंही मिळाली नाहीत. हीच लेलानी काय १९८५च्या पहिल्या रेसलमेनियात, याच गार्डनमध्ये, महिला विजेती म्हणून उतरली होती आणि वेंडी रिक्टरकडून हरली होती. दहाव्या वर्षाच्या शोमध्ये तिला परत आणलं हे छान. पण एवढ्या वेळात दोघींपैकी कुणालाही काही उभं करता येणं शक्य नव्हतं. इथे कमी गुण द्यायचे ते वेळ वाटणाऱ्याला, पैलवानांना नाही. परीक्षणात हा फरक स्पष्ट लिहा.

फसलेला सामना म्हणजे योकोझुना-लुगर. नुसतं ‘बोअर’ लिहून भागत नाही. का फसला? योकोझुना बराच वेळ खांद्याची पकड धरून बसतो आणि त्या पकडीतून पुढे काहीही निघत नाही. शेवटी लुगर विजयाच्या उंबरठ्यावर असताना पंच मिस्टर परफेक्ट मोजत नाही, लुगर त्याला ढकलतो आणि बाद होतो. महिनोन्महिने ‘हाच पुढचा नायक’ म्हणून मिरवलेल्या माणसाला असं सोडलं, तर त्याच्यामागे आलेल्या प्रेक्षकाच्या हाती काय लागलं? दुसरी बाजूही मांडा : शेवटी ब्रेटला जिंकवायचं होतं, म्हणून लुगरचा स्वच्छ पराभव टाळला. निर्णय समजतो, पण सामना त्यानं सुधारत नाही.

तारे शेवटी

गुण किंवा तारे द्यायचे असतील तर लिहून झाल्यावर द्या. आधी तारे ठरवले की लिखाण त्यांची वकिली करत बसतं. मोजपट्टी आधी पक्की करा. माझी अशी : तीन म्हणजे काम चोख झालं, चार म्हणजे कुणालाही आवर्जून दाखवावा, पाच म्हणजे यात बदलावं असं काही सुचत नाही. मेल्ट्झरचे आकडे स्वतःचे ठरवण्याआधी बघू नका.

नंतरचं माहीत असणं

ओवेन हार्ट मे १९९९मध्ये कॅन्सस सिटीत, रिंगमध्ये उतरतानाच्या अपघातात गेला. हे मनात ठेवून त्याचा हा सामना बघणं जड जातं आणि ते लिहायला हरकत नाही. पण त्यासाठी वेगळा परिच्छेद ठेवा. सामन्याचा हिशोब १९९४च्या त्या रात्री गार्डनमध्ये बसलेल्याला जे ठाऊक होतं तेवढ्यावरच करा. मृत्यूमुळे वाढवलेले गुण त्याच्या कामाचा मान राखत नाहीत. त्या कामाला अशा मदतीची गरजही नाही.

पूर्ण शोचा निवाडा

सामन्यांच्या गुणांची सरासरी काढू नका. शो म्हणून विचारा : क्रम बरोबर होता का, पहिला आणि शेवटचा सामना एकमेकांना धरून होते का. इथे ओवेन पहिल्या सामन्यात जिंकतो, ब्रेट शेवटी विजेता होतो, सगळे त्याला खांद्यावर घेतात आणि ओवेन वाटेवर येऊन नुसता बघत उभा राहतो. एका शॉटमध्ये पुढच्या पाच महिन्यांचं कथानक लागलं. मधे कितीही पडझड असली तरी असा बांधलेला शो मी चांगलाच म्हणेन.

पहिलं परीक्षण लिहून झालं की त्याच धाग्याचं पुढचं टोक घ्या : २९ ऑगस्ट १९९४, शिकागो, ‘समरस्लॅम’, ब्रेट आणि ओवेन पिंजऱ्यात. तिथे काम बदललेलं आहे, दोघांनाही जिंकण्याऐवजी पिंजऱ्यातून बाहेर पडायचं आहे. त्यामुळे वहीच्या पानावर नियमाच्या रकान्यापासून सुरुवात करा.